निवृत्तीच्या पुरवणीत समुद्रालाही जागा द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

निवृत्ती नियोजनावरची तुमची पुरवणी आमच्या घरी तिघांनी वाचली, म्हणजे मी, माझे मिस्टर आणि सासूबाई, ज्यांना आता अक्षर दिसत नाही म्हणून मोठ्याने वाचून दाखवावी लागते. सीनियर सिटिझन स्कीम, एसडब्ल्यूपी (म्हणजे फंडातून ठरावीक रक्कम नियमित काढत राहणं), मेडिक्लेमचा टॉप-अप, मृत्युपत्र, सगळं नीट सोप्या भाषेत दिलंय, मी स्वतः बँकेत असल्यामुळे सांगते की माहिती बरोबर आहे आणि लोकांच्या उपयोगाची आहे. पण रिटायर झाल्यावर सोमवारी सकाळी दहा वाजता माणूस घरात नक्की काय करणार, आणि घरातले बाकीचे त्याच्याकडून काय अपेक्षा धरून बसलेले असतात, ह्यावर एक ओळ नव्हती. पैशाचं नियोजन पंधरा वर्षं आधी करा असं सगळे सांगतात, मग वेळेचं का नाही? मी ह्या वयात शिडाची बोट चालवायला शिकतेय, त्या अनुभवावरून हे पत्र. लांब झालंय, कापलंत तरी चालेल, फक्त शेवटच्या मागण्या कापू नका ही विनंती.

माझं वय 58. बँकेत साठाव्या वर्षी निवृत्ती, म्हणजे फार दिवस उरलेले नाहीत. आणि माझ्या निवृत्तीनंतरचा वेळ माझ्या घरच्यांनी केव्हाच वाटून घेतला होता, वाईट हेतूने अजिबात नाही, प्रेमानेच. लेक पुण्याला असते, तिचा मुलगा अडीच वर्षांचा, तिच्या हिशोबात आई रिटायर झाली की डे-केअर बंद. मिस्टर तीन वर्षांपूर्वी कंपनीतून रिटायर झाले, त्यांच्या मनात दोघांनी मिळून गावाकडचं घर दुरुस्त करायचं आणि वर्षातले सहा महिने तिकडे राहायचं. सासूबाईंना दुपारी सोबत हवी. सोसायटीवाल्यांनी तर सेक्रेटरीपदासाठी नाव पण टाकून ठेवलं. ह्यातल्या एकानेही मला विचारलं नव्हतं की तुला काय करायचंय, आणि मी पण कधी सांगितलं नव्हतं कारण तोपर्यंत सांगण्यासारखं काही ठरलेलंच नव्हतं. पुरुष ऑफिसातून रिटायर होतो तेव्हा तो खरंच रिटायर होतो, बाई फक्त ऑफिसातून होते, गॅससमोरून होत नाही, आणि मोकळा झालेला दिवस आपोआप घराच्या खात्यात जमा होतो. माझ्या बरोबरीच्या किती मैत्रिणींचं असं झालेलं बघितलंय. त्या सुखात नाहीत असं मी म्हणत नाही, पण त्यांना निवड करायला मिळाली नाही हे मात्र खरं.

आमची ब्रँच फोर्टात. जेवणाच्या सुट्टीत कधी गेटवेपर्यंत चालत गेलं की एलिफंटाच्या लाँचेसच्या पलीकडे पांढरी शिडं दिसायची, आवाज न करता सरकणारी. इतकी वर्षं मी ती परक्या माणसांची गोष्ट समजून बघत होते, म्हणजे ज्यांचे आजोबा पण क्लबाचे मेंबर होते अशांची. गेटवेच्या शेजारचा यॉट क्लब 1846 सालचा आहे, त्यावरून काय ते समजा. पण एका ऑक्टोबरात ब्रँचमधल्या तरुण ऑफिसर मुलीने सांगितलं की मॅडम मी वीकेंडला सेलिंग शिकायला जाते, मेंबर नसलेल्यांना पण काही ठिकाणी घेतात, तुम्ही या ना. मी त्याच संध्याकाळी घरी येऊन फोन लावले. एका ठिकाणी वय विचारलं आणि पंचेचाळीसच्या पुढे नवीन घेत नाही म्हणून फोन ठेवून दिला. दुसऱ्या ठिकाणी विचारलं, पोहता येतं का? येत नव्हतं. मग ते म्हणाले पोहायला शिका आणि या, वयाचं आम्ही बघू. हा प्रश्न मला पटला. वय म्हणजे नुसता आकडा, पण पोहता येणं ही खरीच गरज.

ठाण्यात महापालिकेच्या तलावावर लेडीज बॅच असते. तिथे मी पूर्ण उन्हाळा आणि पावसाळा घातला. त्यात काही सांगण्यासारखं नाही, सगळ्यांना येतं तसं मला पण आलं.

घरात पहिल्यांदा सांगितलं तेव्हा काय झालं ते मात्र सांगण्यासारखं आहे. लेक फोनवर गप्पच झाली. मिस्टर म्हणाले, गुडघे बघ आधी. आणि सासूबाई, ज्यांच्याकडून मला सगळ्यात जास्त विरोध होईल असं वाटलं होतं, त्यांनी विचारलं, "शिडाची होडी की इंजनाची?" शिडाची म्हटल्यावर त्या उठून बसल्या. सासूबाईंचं माहेर विजयदुर्गाकडचं. त्यांच्या वडिलांचं गलबत होतं, मंगलोरी कौलं, नारळ, मीठ असला माल घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने मुंबईपर्यंत यायचं. लग्नाला इतकी वर्षं झाली, हे गलबत मला ऐकून माहीत होतं, पण त्या गलबताबद्दल मी त्यांना एक प्रश्न कधी विचारला नव्हता. त्या दिवशी त्यांनी नाडीचा एक तुकडा मागून घेतला आणि न बघता, नुसत्या बोटांनी, एक फास मारून दाखवला जो ओढला तरी आवळत नाही आणि काम झालं की सहज सुटतो. पुढे कोर्सच्या पहिल्या दिवशी आम्हाला शिकवलेली पहिली गाठ तीच निघाली, बोलाइन म्हणतात तिला. त्यांच्या वडिलांनी अंगणात बसून शिकवली होती, मुलगी गलबतावर कधी जाणार नाही हे माहीत असून.

भरती-ओहोटीचं गणित पण त्यांनीच शिकवलं. आपल्या किनाऱ्यावर कोळी आणि खलाशी लोक पिढ्यान् पिढ्या हे करतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. दशमी असेल तर दहाची पाऊणपट साडेसात, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी साडेसातच्या आसपास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. थोडं मागेपुढे होतं, अचूक वेळेला छापील टाइड टेबल लागतंच, पण कॅलेंडरवर नुसती तिथी बघून अंदाज येतो. मी मोबाइलवर बघायच्या आधी त्या आतल्या खोलीतून ओरडतात, "आज दशमी मगो, साडेसाताक भरती." आणि मग खालच्या आवाजात, माझ्यासाठी नाही तर स्वतःशीच, "पण वारो बघून जा हां." आमच्या दोघींमध्ये तीस वर्षांत जेवढं बोलणं झालं नाही तेवढं ह्या दोन वर्षांत झालं, आणि ते भाजीवर किंवा नातेवाइकांवर नाही, वाऱ्यावर आणि पाण्यावर. निवृत्तीच्या वयात छंद लावून घेतला की माणूस घरापासून तुटतं असं ज्यांना वाटतं त्यांनी हे वाचावं. माझ्या बाबतीत उलटं झालं.

आता शिकण्याबद्दल थोडं, कारण लोकांना वाटतं हे फार दांडग्या माणसांचं काम आहे. दोन प्रकारच्या बोटी असतात. एक छोटी डिंगी, एकट्यादुकट्याची, ती उलटते आणि उलटल्यावर तळातून बाहेर आलेल्या फळीवर उभं राहून स्वतःच्या वजनाने ती सरळ करायची असते, तो सराव प्रत्येकाला करावा लागतो. दुसरी कीलबोट, तिच्या तळाला कील म्हणजे जड पातं असतं म्हणून ती कलते पण सहसा उलटत नाही, चार-पाच जण बसतात. माझ्या गुडघ्यांना कीलबोट बरी. बोट पहिल्यांदा कलते तेव्हा पोटात गोळा येतो, एक बाजू पाण्याला टेकायला येते आणि आपण दुसऱ्या बाजूला जवळजवळ उभे असतो. आमच्या शिक्षकाने (कोळीवाड्यातला पोरगा, माझ्या लेकीपेक्षा लहान, मला ताई म्हणतो) तेव्हा एकच गोष्ट करायला लावली. शिडाचा दोर हातात दिला आणि म्हणाला, ताई, सोडा. दोर सैल सोडला, शिडातला वारा निघून गेला, बोट सरळ झाली. म्हणाला, आता परत ओढा. परत कलली. असं बऱ्याच वेळा करायला लावलं. त्यानंतर भीती गेली, कारण कलणं माझ्या हातात आहे हे हाताला कळलं. ज्याने कोणी त्या मुलाला असं शिकवायला शिकवलं त्याचे आभार मानते.

वाऱ्याच्या अगदी समोर बोट जात नाही, साधारण पंचेचाळीस अंश डावीकडे मग तेवढीच उजवीकडे असं नागमोडी जावं लागतं. वळताना बूम, म्हणजे शिडाच्या खालची आडवी दांडी, डोक्यावरून फिरते, तेव्हा वाकायचं. शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे आपण पाठ केले, परीक्षेत लिहिले आणि विसरलो. मुंबई बंदरात हिवाळ्यात सकाळी ते तुम्हाला गालावर कळतात. सकाळी जमिनीकडून मंद वारा येतो, दहा-अकराच्या सुमारास तो मरतो, पाणी तेलासारखं होतं, शिडं लोंबतात, सगळे गप्प बसून वाट बघतात, आणि मग दुपारी वायव्येकडून खारा वारा सुरू होतो, आधी लांबवर पाण्याचा रंग गडद होतो आणि ती गडद पट्टी सरकत सरकत आपल्याकडे येते. ते बघायला शिकायला मला एक सीझन लागला. वारा पडलेला असताना ओहोटी जोरात असली तर बोट बाहेर खेचली जाते, त्यामुळे तिथीचं गणित हा नुसता मजेचा विषय नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला मुंबईत पाणी साडेचार-पाच मीटरपर्यंत चढतं आणि तेवढंच सगळं परत उतरतं, त्याची ओढ काय असते ते बंदरात बसलं की समजतं.

जून ते सप्टेंबर सगळं बंद. पावसाळ्यात बोटी वर ओढून ठेवतात, तेव्हा गाठी, नकाशे, नियम, शिडं शिवणं वगैरे.

भीतीबद्दल लिहायलाच हवं. डिसेंबर 2024 मध्ये गेटवेहून एलिफंटाला निघालेल्या प्रवासी लाँचला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि माणसं गेली, ते आपण सगळ्यांनी वाचलंय. त्या संध्याकाळी आमच्या घरात कोणी टीव्ही बंद करू देत नव्हतं. लेकीने रात्री फोन करून स्पष्ट सांगितलं की आई हे आता थांबव, मला तू हवी आहेस. मी तिच्यावर रागावले नाही, तिच्या जागी मी असते तरी हेच बोलले असते. पण थांबले पण नाही. तिला एका रविवारी बोलावलं, जेट्टीवर उभं करून सगळं दाखवलं, लाइफ जॅकेट बोटीत ठेवलेलं नसतं, अंगावर असतं आणि त्याचे पट्टे शिक्षक स्वतः ओढून बघतो, सोबत रेस्क्यू बोट असते, निघताना कोण कोण गेलं ते वहीत लिहितात आणि परत आल्यावर खूण करतात, वारा एका मर्यादेच्या वर गेला की बाहेरच सोडत नाहीत. ती हे सगळं नीट बघत होती, आणि जाताना एवढंच म्हणाली की निघताना आणि आल्यावर मेसेज टाकायचा, न चुकता. तो मी टाकते. ह्या अपघातातून आपण शिकायचं असेल तर समुद्राकडे पाठ फिरवून नाही, प्रत्येक बोटीत प्रत्येकाच्या अंगावर जॅकेट घालून, असं माझं ठाम मत आहे.

मिस्टरांना बोट लागते, लाँचने मांडव्याला जाताना सुद्धा त्यांचा चेहरा उतरतो, त्यामुळे ते येत नाहीत आणि मी आग्रह पण करत नाही. पण दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी (बँकेला सुट्टी) आणि काही रविवारी सकाळी मी पहिल्या गाड्यांपैकी एक पकडून सीएसएमटीला जाते तेव्हा घर ते बघतात. सुरुवातीला मी आदल्या रात्री सगळं करून ठेवायचे, कणीक मळून, भाजी चिरून, आईंच्या गोळ्या डब्यात लावून. एके दिवशी तेच म्हणाले की हे सगळं करून ठेवतेस म्हणजे मला जमणार नाही असंच गृहीत धरतेस ना. तेव्हापासून मी काही करून ठेवत नाही. आई आणि ते दोघं मिळून स्वयंपाक करतात, आई खुर्चीत बसून सांगतात आणि ते करतात, 61 वर्षांचा मुलगा आणि 84 वर्षांची आई. त्यांचं दोघांचं असं बोलणं पण कित्येक वर्षांत झालं नव्हतं. ते स्वतः आता आदल्या रात्री मोबाइलवर वाऱ्याचं अॅप उघडून बसतात, किती नॉट्स (म्हणजे किती वेगाचा) आहे, कुठल्या दिशेने आहे, झोत किती येणार, हे माझ्यापेक्षा त्यांना जास्त माहीत असतं. निवृत्तीनंतर नवरा-बायको चोवीस तास एका छताखाली येतात आणि एकमेकांच्या वाटेत येत राहतात, ह्यावर कोणी मोकळेपणाने बोलत नाही. एकाने काहीतरी स्वतःचं शोधलं की दुसऱ्याला पण जागा मिळते, मग ते सेलिंग असो की पेटी वाजवणं. गावच्या घराचं काम चालू आहेच, फक्त सहा महिने राहायचं ते आता पावसाळ्याचे चार महिने झालंय, तेव्हा नाहीतरी बोटी बंद.

नातवाचं म्हणाल तर ते पूर्ण सुटलेलं नाही. लेकीला मदत लागणार, मी करणार, पण डे-केअर चालू ठेवायचं आणि मी महिन्यातून एक आठवडा पुण्याला जायचं असं सध्या ठरलंय. ती थोडी नाराज आहे आणि मला ते लागतं. तरी हे बोलणं निवृत्तीच्या दोन वर्षं आधी झालं म्हणून बोलणं झालं. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी झालं असतं तर भांडण झालं असतं.

ब्रँचमध्ये लोक विचारतात की ह्या वयात? त्यांच्यासाठी एक उदाहरण सांगते. जीन सॉक्रेटिस नावाच्या इंग्लंडच्या बाई, गणित शिकवायच्या, पन्नाशी जवळ आली तेव्हा नवऱ्याबरोबर शिडाची बोट चालवायला शिकल्या, दोघांनी लवकर निवृत्ती घेऊन बोट घेतली आणि फिरत राहिले. 2003 मध्ये नवरा कॅन्सरने गेला. बाईंनी बोट विकली नाही. 2013 मध्ये एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली आणि 2019 मध्ये 77 व्या वर्षी पुन्हा एकदा केली. फ्रान्सिस चिचेस्टर 1967 मध्ये एकट्याने जगाला वळसा घालून परत आले तेव्हा 65 वर्षांचे होते. आणि एकट्याने न थांबता प्रदक्षिणा करणारे पहिले, रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन, 1969 मध्ये ज्या बोटीतून परतले ती 'सुहेली' आपल्या मुंबईत बांधलेली, सागवानाची. हे आपल्या किती मुंबईकरांना माहीत आहे? मला तरी शिकायला लागेपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं.

आपल्याकडे पण आता लाज वाटण्यासारखं काही नाही. दिलीप दोंदे ह्यांनी 2009-10 मध्ये गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'वरून एकट्याने प्रदक्षिणा केली, असं करणारे पहिले भारतीय. अभिलाष टॉमींनी त्याच बोटीने 2012-13 मध्ये न थांबता केली, पुढे 2018 मध्ये भर समुद्रात पाठीला जबर मार बसून सुद्धा परत उभे राहिले आणि 2023 मध्ये गोल्डन ग्लोब ह्या एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करायच्या शर्यतीत दुसरे आले. 'तारिणी'वरून नौदलाच्या सहा जणी 2017-18 मध्ये जाऊन आल्या आणि त्याच 'तारिणी'वरून नौदलाच्याच दिलना आणि रूपा ह्या दोघीच 2 ऑक्टोबर 2024 ला गोव्यातून निघून मे 2025 मध्ये परत आल्या. त्या दोघींच्या बातम्या मी आईंना रोज वाचून दाखवायचे, त्या पोरी आता कुठे पोचल्या, हे त्या सकाळी चहाच्या आधी विचारायच्या. न्यूझीलंडहून केप हॉर्नला, म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, वळसा घालून फॉकलंडला पोचल्याची बातमी आली तेव्हा त्यांनी देवापुढे साखर ठेवली.

आता पैशाचं. स्वतःची यॉट ही श्रीमंतांची गोष्ट आहे, मान्य. पण शिकणं आणि क्लबाची बोट वापरणं ही नाही. मला पूर्ण सीझनला जो खर्च येतो तो आमच्या शेजाऱ्यांच्या सिंगापूर ट्रिपच्या मानाने फारच कमी आहे, आणि डिंगीला पेट्रोल लागत नाही. अडचण पैशाची कमी, दाराची जास्त आहे. दार कुठे आहे हेच सामान्य माणसाला माहीत नाही, आणि सापडलं तरी बरेचदा ते मेंबरांसाठी, किंवा लहान मुलांसाठी, किंवा सैन्यातल्या लोकांसाठी उघडं असतं. महाराष्ट्राला 720 किलोमीटरचा किनारा आहे असं आपण शाळेपासून पाठ करतो. ज्या किनाऱ्यावर कान्होजी आंग्र्यांचं आरमार होतं, विजयदुर्गाजवळ गिर्ये इथे मराठ्यांच्या गोदीची जागा आजही दाखवतात, त्या किनाऱ्यावर पर्यटकाला आज काय मिळतं तर बनाना राइड आणि जेट-स्की, पंधरा मिनिटांचा आरडाओरडा आणि फोटो. त्याला माझा विरोध नाही, पोरं खूश होतात, किनाऱ्यावरच्या मुलांना रोजगार मिळतो. पण शिडाची बोट चालवायला शिकवणारी जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. दर्यावर ज्यांचा हात बसलेला आहे अशी कोळीवाड्यातली मुलं-मुली शिक्षक म्हणून तयार केली तर त्यांच्याइतकं चांगलं कोण शिकवेल? माझा अनुभव तरी हेच सांगतो.

म्हणून तुमच्यामार्फत शासनाकडे, मेरीटाइम बोर्डाकडे आणि एमटीडीसीकडे काही मागण्या करते. तारकर्लीला एमटीडीसीने स्कूबा डायव्हिंगचं प्रशिक्षण केंद्र उभं केलं, लांबलांबून लोक येतात, मग त्याच धर्तीवर शिडाच्या बोटीचं एक तरी केंद्र किनाऱ्यावर का नको, आणि त्यात मोठ्या माणसांसाठी वेगळी बॅच ठेवा. मुलांना पहिला मान द्या, पण 50 च्या पुढच्याला दारातून परत पाठवू नका, वय विचारण्याऐवजी पोहता येतं का आणि डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट आहे का एवढं विचारा. समुद्र लांब आहे अशा गावांसाठी धरणं आहेत, पानशेत, गंगापूर, जायकवाडी. हैद्राबादला बघा, समुद्र नसताना हुसेनसागरावर शिडांच्या राष्ट्रीय स्पर्धा होतात, आणि त्या पण पावसाळ्यात, जेव्हा आपल्या बोटी किनाऱ्यावर झाकून ठेवलेल्या असतात. आणि जेट्टींवर बायकांसाठी स्वच्छ संडास आणि कपडे बदलायला एक बंद खोली द्या. ही मागणी काहींना किरकोळ वाटेल, पण पहाटे ठाण्याहून निघालेल्या, चार तास खाऱ्या पाण्यात भिजलेल्या बाईला ओल्या कपड्यांवर ओढणी गुंडाळून लोकलने परत यावं लागतं, आणि कित्येक जणी दुसऱ्यांदा येत नाहीत त्या ह्याच कारणाने, समुद्राच्या भीतीने नाही. माझ्याबरोबर कोर्सला आलेल्या बायकांपैकी दोघींनी मला हे तोंडावर सांगितलं.

तुमच्याकडे पण एक मागणी आहे. पुढच्या पुरवणीत म्युच्युअल फंडाच्या शेजारच्या पानावर एवढं छापा की मुंबई, पुणे, नाशिक, कोकण आणि गोवा इथे नॉन-मेंबर माणसाला पोहणं, सेलिंग, कयाकिंग कुठे शिकता येतं, सीझन कधी असतो, फी साधारण किती, सोबत काय न्यावं आणि वयाची अट कोण घालतं आणि कोण घालत नाही. तुमचा वार्ताहर दोन दिवस फोन करेल तर यादी तयार होईल. आमच्या ब्रँचमध्येच तिघी त्या यादीची वाट बघतायत, त्यातली एक येत्या मार्चला रिटायर होते आहे, म्हणून जरा लवकर छापलीत तर बरं, सीझन ऑक्टोबरात सुरू होतो आणि मेअखेरीला संपतो.

आपली,
एक वाचक, ठाणे